ऑगस्टमध्ये मधपेटी रिकामी का होते?

२० मे हा जागतिक मधमाशी दिन. त्याच्या आगेमागे वर्तमानपत्रांत मधमाश्यांवर चार-दोन लेख येतात, महाबळेश्वरजवळच्या मांघर या 'मधाच्या गावा'ची आठवण निघते, डाळिंबाच्या बागेत पेट्या ठेवणाऱ्या एखाद्या शेतकऱ्याचा फोटो छापून येतो. ते वाचून हुरूप येणारी माणसं पुण्यात आता बरीच आहेत. कुणाचा बावधनला बंगला असतो, कुणाची कोथरूडला गच्ची, कुणाची मुळशीकडे अर्धा एकर जागा. पेटी बहुतेक वेळा फेब्रुवारी-मार्चमध्ये घरी येते. एप्रिलमध्ये घरचा मध निघतो, नातेवाइकांत छोट्या बाटल्या वाटल्या जातात. आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास, ज्यांनी पेटी दिली त्यांना फोन सुरू होतात: "अहो, माश्या गेल्या. परवापरवापर्यंत पेटी गच्च भरलेली होती!"

मग कारणं शोधली जातात. शेजारच्या इमारतीवरचा मोबाइल टॉवर, महापालिकेची डासांची धुरळणी, 'पेटीच आजारी दिली'. यातलं एखादं कारण कधीमधी खरंही असतं. पण पुणे परिसरात पावसाळ्यात रिकाम्या होणाऱ्या बहुतेक पेट्यांचं कारण याहून साधं असतं आणि ते ऑगस्टमध्ये घडलेलंच नसतं. ते जूनमध्ये घडून गेलेलं असतं. दोन महिने उशिरा दिसतं, म्हणून कळत नाही. हा उशीर कुठून येतो ते समजलं, की मधमाशीपालनातला निम्मा गोंधळ मिटतो.

पेटीत नक्की कोण राहतं?

आपल्याकडे मध गोळा करणाऱ्या माश्या एकाच प्रकारच्या नाहीत. इमारतीच्या सज्जाखाली, पाण्याच्या टाकीला किंवा उंच पिंपळाला लोंबणारं भलंमोठं पोळं असतं ते आग्या माशीचं. कुंपणाच्या झुडपात तळहाताएवढं एकच पोळं दिसलं, तर ती फुलोरी. या दोघी उघड्यावर, उजेडात एकच पोळं बांधतात आणि ऋतू बदलला की जागा सोडतात. त्यांना पेटीत कोंबण्याच्या फंदात पडू नये. भिंतीच्या पोकळीत किंवा लाकडाच्या भेगेत राहणारी, डंख नसलेली बारीक काळी माशी हा आणखी वेगळा प्रकार.

पेटीत राहते ती सातेरी. झाडाच्या ढोलीत, जुन्या वाड्याच्या भिंतीत, कधी विजेच्या मीटरच्या खोक्यात ती अंधारात एकाशेजारी एक अशी समांतर पोळी बांधते. त्यामुळे लाकडी पेटीतल्या सुट्या चौकटी तिला चालतात. दुसरी पेटीत राहणारी माशी म्हणजे युरोपातून आणलेली मेलिफेरा, १९६० च्या दशकात उत्तर भारतात रुजलेली. ती मध जास्त देते, पण तिचं खाणंही मोठं असतं. सूर्यफूल, मोहरी अशा पिकांमागे पेट्या ट्रकमधून फिरवणाऱ्या व्यावसायिकाला ती परवडते. पुण्यात घरच्या हौसेला बहुधा सातेरीच असते, म्हणून हा लेख मुख्यतः तिच्याविषयी.

दोन शब्द आधी पक्के करून घेऊ. एक राणी, काही हजार कामकरी माश्या, हंगामात थोडे नर आणि त्यांची पोळी, हे सगळं मिळून झाली 'वसाहत'. पोळ्याच्या घरांत वाढणारी अंडी, अळ्या आणि कोष म्हणजे 'पिलावा'. मधपाळ पेटी उघडतो तेव्हा त्याचं लक्ष उडणाऱ्या माश्यांकडे फारसं नसतं. तो पिलावा बघतो. त्याचं कारण पुढच्या हिशेबात आहे.

साठ दिवसांचा हिशेब

कामकरी माशी अंड्यापासून पूर्ण तयार व्हायला सुमारे वीस दिवस लागतात. पहिले तीन दिवस अंडं, मग पाच-सहा दिवस अळी, मग घराला मेणाचं झाकण लागतं आणि आत कोष. बाहेर आल्यावर ती आधी आतली कामं करते: घरं साफ करणं, अळ्यांना भरवणं, मेण काढून पोळं बांधणं, दारावर पहारा. मग बाहेर पडून फुलांवर जाते आणि कष्टाच्या हंगामात एकूण सहाएक आठवड्यांत मरते. म्हणजे आज घातलेल्या अंड्याची गोष्ट संपते ती साधारण साठ दिवसांनी.

आता समजण्यापुरते आकडे घेऊ. समजा मे महिन्यात राणी रोज ३०० अंडी घालते आहे. प्रत्येक माशी चाळीस दिवस जगते. मग वसाहत १२,००० माश्यांच्या आसपास स्थिर राहील: रोज ३०० जन्मतात, रोज ३०० मरतात. आता समजा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला, बाहेरून मध येणं थांबलं आणि राणीने अंडी घालणं रोज ५० वर आणलं. पेटीत दुसऱ्या दिवशी काय दिसेल? काहीही नाही. आधीच्या वीस दिवसांतली अंडी अजून पिकायची आहेत, त्यामुळे जूनअखेरपर्यंत रोज ३०० नव्या माश्या येतच राहतात. पेटी भरलेली दिसते. जुलैच्या सुरुवातीला नव्या माश्या एकदम कमी होतात, पण जुन्या अजून जिवंत आहेत; गर्दी थोडी विरळ होते इतकंच. ऑगस्ट उजाडतो तोवर मे-जूनमधल्या माश्या संपत आलेल्या असतात आणि त्यांच्या जागी यायला कोणी नसतं. १२,००० चा आकडा दोन-तीन हजारांवर येतो. एवढ्याशा माश्यांना पोळी राखता येत नाहीत, पिलावा उबदार ठेवता येत नाही, दारावर गांधीलमाशी आली तर तिला हाकलता येत नाही.

प्रत्यक्षात हिशेब इतका सरळ चालत नाही. अळ्यांना भरवायचं काम कमी झालं की माश्या जरा जास्त जगतात, पाऊस उघडला की राणी पुन्हा अंडी वाढवते. पण दिशा हीच असते. पेटीतली आजची गर्दी ही दोन महिन्यांपूर्वीच्या अंड्यांची गर्दी असते. 'परवापरवापर्यंत पेटी भरलेली होती' हे म्हणणं खोटं नसतं, फक्त ते बघण्याची जागा चुकलेली असते. दारावरची वर्दळ मोजण्यापेक्षा चौकट उचलून घरांच्या तळाशी तांदळाच्या कणीहून बारीक पांढरी अंडी आहेत का ते बघावं. अंडी आहेत म्हणजे राणी तीन दिवसांपूर्वीपर्यंत कामावर होती. राणी स्वतः सापडली नाही तरी चालतं.

पुण्यात माशीचा दुष्काळ पावसात पडतो

मधमाशीपालनाची माहिती इंटरनेटवर शोधली की पहिल्या दहा व्हिडिओंत एकच गोष्ट येते: हिवाळ्याची तयारी. शरद ऋतूत खाऊ घाला, थंडीत पेटी उघडू नका, वसंतात माश्या वाढतील. हे सगळं बर्फाच्या देशातलं आहे. तिथे फुलं हिवाळ्यात संपतात. आपल्याकडे हिवाळ्यात माश्या आरामात उडतात आणि उन्हाळा तर त्यांची सुगी असते. जानेवारीनंतर शेवगा आहेच. मग कडुनिंब, करंज, जांभूळ, शिरीष अशी एकामागून एक झाडं फुलत जातात. शहरातली रस्त्याकडेची झाडं हे पुण्याच्या माश्यांचं मोठं भांडवल आहे, उपनगरांतल्या नव्या रस्त्यांवर ते दिसत नाही ही वेगळी तक्रार.

जूनमध्ये हे थांबतं. झाडांचा बहर संपलेला असतो. जे फुलतं त्यातला मधुरस पावसाने धुतला जातो आणि मुख्य म्हणजे माशीला बाहेर पडायला सलग कोरडे तास मिळत नाहीत. शिवाय हवा उबदार असते, त्यामुळे बर्फाळ देशातल्या माश्यांप्रमाणे एकमेकींना बिलगून, हालचाल कमी करून, थोड्या खाण्यावर दिवस काढणं इथे होत नाही. पिलाव्याचं तापमान ३४-३५ अंशांवर ठेवावं लागतं, अळ्या खातच असतात. विक्री बंद पडलेलं दुकान, पण नोकरांचे पगार चालू, अशी अवस्था. मेअखेर गल्ल्यात काय होतं त्यावर दुकान किती दिवस टिकेल ते ठरतं. आणि तो गल्ला नेमका मे महिन्यात आपणच रिकामा केलेला असतो, 'शेवटचा मध' म्हणून.

सगळ्या पुण्याला एकच नियम लागू नाही. शहरात वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, मुळशी-ताम्हिणीकडे त्याच्या कित्येक पट. दौंड-बारामतीकडे शहराहूनही कमी. त्यामुळे हडपसरला जी वसाहत जुलै सहज काढेल, तीच ताम्हिणीजवळ उपाशी मरेल. घाटमाथ्याचे जुने मधपाळ पावसाळ्यात पेट्या खाली कमी पावसाच्या भागात हलवत आले आहेत ते याच कारणाने. पूर्वेकडे जुलै-ऑगस्टमध्ये मका, बाजरी, तीळ, काकडी-भोपळ्याच्या वेली यांतून निदान पराग तरी मिळतो. पराग म्हणजे माशीचं प्रथिन. मध नुसती ऊर्जा देतो. परागाशिवाय अळ्या वाढत नाहीत, कितीही साखर पाजली तरी.

मग मे महिन्यात काय करायचं? मधला पंधरवडा उलटला की मध काढणं थांबवायचं. सातेरीच्या पेटीत खालच्या मोठ्या कोठीत पिलावा असतो आणि वरच्या उथळ कोठीत जादा मध साठतो. खालच्या कोठीतल्या मधाला कधीच हात लावायचा नाही, तो त्यांचा आहे. जूनच्या सुरुवातीला खालच्या प्रत्येक पोळ्याच्या वरच्या भागात झाकण लागलेल्या मधाचा रुंद पट्टा दिसला पाहिजे. पेटी मागच्या बाजूने बोटभर उचलून वजनाचा अंदाज घेण्याची सवय लावून घेतली, तर पावसात झाकण न उघडताही साठा कळतो. माश्या झाकू शकत नाहीत अशी रिकामी पोळी काढून घ्यायची आणि एक आडवी लाकडी फळी टाकून आतली जागा आवळायची. पेटी पुढे किंचित कललेली ठेवली की दारातून आलेलं पाणी आत साचत नाही. स्टँडच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या हव्यात, कारण मुंग्यांनाही हाच काळ उपासाचा असतो.

रिकामी पेटी वाचता येते

पेटी रिकामी सापडली की पहिली प्रतिक्रिया ती धुऊन टाकण्याची असते. थांबा. आत काय शिल्लक आहे त्यावरून काय घडलं ते बरंचसं सांगता येतं.

पेटीत मेलेल्या माश्या नाहीत, मध नाही, पिलावा नाही, पोळी स्वच्छ: वसाहत पळून गेली. सातेरी हे फार सहज करते आणि मेलिफेरा पाळणाऱ्याला तिचा राग येतो तो यासाठीच. पण ती घाईत जात नाही. आधी राणी अंडी घालणं बंद करते, असलेला पिलावा बाहेर पडू दिला जातो, मग उरलेला मध पोटात भरून सगळ्या एकदम उठतात. म्हणजे दोन-तीन आठवडे आधीपासून खूण असते: दारावर परतणाऱ्या माश्यांच्या पायांना परागाचे रंगीत गोळे दिसेनासे होतात आणि आत अंडी सापडत नाहीत. तेव्हाच खाऊ दिलं आणि त्रास देणारी गोष्ट दूर केली, तर वसाहत थांबते. जाते ती बहुधा भुकेने, मुंग्यांच्या छळाने, भर उन्हाने, किंवा दर दोन दिवसांनी झाकण उघडून बघणाऱ्या मालकाच्या उत्साहाने.

मेलेल्या माश्या घरांत डोकं खुपसलेल्या अवस्थेत, आणि मधाचा थेंब नाही: सरळ उपासमार.

दाराबाहेर एका-दोन दिवसांत मेलेल्या माश्यांचा थर, बऱ्याच जणींची जीभ बाहेर, आत मध आणि पिलावा मात्र जागेवर: विषबाधा. अशा वेळी आसपास फवारणी किंवा धुरळणी झाली का ते शोधावं.

निम्म्या माश्या गेल्या, निम्म्या आहेत, पोळ्यांच्या खालच्या कडेला लोंबणारी लांबट राणीघरं दिसताहेत: हा आजार नव्हे. भरभराटीच्या काळात वसाहत फुटते, जुनी राणी निम्मं कुटुंब घेऊन नव्या जागी जाते. हे फुलोऱ्यात घडतं, ऑगस्टमध्ये सहसा नाही.

आणि सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार: पोळ्यांत जाळीच जाळी, त्यात वळवळणाऱ्या करड्या-पांढऱ्या अळ्या, मेणाचा भुगा. हा मेणकिडा, एका पतंगाची अळी. लोक म्हणतात, 'मेणकिड्याने पेटी खाल्ली.' क्रम उलटा असतो. भरल्या पेटीत हा पतंग अंडी घालायला आला तरी माश्या त्याच्या अळ्या उचलून बाहेर टाकतात. माश्या कमी पडल्या, पोळी उघडी राहिली, तळफळीवर मेणाचा चुरा साचला, की तो फावतो. तळफळी आठवड्याला झाडून घेणं आणि जादा पोळी काढून ठेवणं यापलीकडे त्यावर फार मोठा उपाय नाही. काढलेली पोळी डीप फ्रीझरमध्ये दोन दिवस ठेवली तर त्यातली अंडी-अळ्या मरतात. घरच्यांची परवानगी मात्र आधी घ्यावी.

मोबाइल टॉवरचं काय, असं कुणीतरी विचारणारच. टॉवर बारा महिने चालू असतो. पेट्या मात्र पावसाळ्यात रिकाम्या होतात आणि त्याच टॉवरखाली एप्रिलमध्ये ओसंडून वाहतात. शिवाय वरच्या पाच खुणांपैकी एक तरी रिकाम्या पेटीत जवळजवळ नेहमी सापडते. २००६ च्या हिवाळ्यापासून अमेरिकेत पेट्या गूढपणे रिकाम्या झाल्याच्या बातम्या गाजल्या होत्या, तिथूनही बऱ्याच कल्पना आपल्याकडे आल्या. त्या माश्या मेलिफेरा होत्या, त्यांचा हंगाम वेगळा, त्यांचे शत्रू वेगळे.

"साखर पाजायची म्हणजे भेसळच की!"

हा आक्षेप अगदी रास्त आहे, पण वेळ बघितली पाहिजे. पावसाळ्यात माश्यांना जगवायला दिलेला पाक त्या खाऊन संपवतात. वरची मधाची कोठी त्या काळात पेटीवर नसतेच. ऑक्टोबरमध्ये फुलोरा सुरू झाला की पाक बंद करायचा आणि मगच मधाची कोठी चढवायची. फुलोऱ्याच्या काळात पाक पाजून तो पोळ्यात साठवून घेणं आणि मध म्हणून विकणं ही भेसळ आहे, आणि ती पकडताही येते. ऊस ज्या पद्धतीने हवेतला कार्बन घेतो ती बहुतेक मधुरस देणाऱ्या झाडांहून वेगळी असल्याने प्रयोगशाळेत उसाच्या साखरेची ओळख पटते.

पाक साधा: एक वाटी पांढरी साखर, एक वाटी पाणी. सातेरीच्या मध्यम वसाहतीला आठवड्याला पाव किलो साखरेपर्यंत पुरते, तीही दोन-तीन वेळा विभागून. पेटीच्या आत ठेवायचा, संध्याकाळी ठेवायचा आणि बाहेर थेंब सांडू द्यायचा नाही. वासाने दुसऱ्या पेटीतल्या माश्या लुटायला येतात आणि दुबळी वसाहत एका दुपारीत संपते. गुळाचं पाणी देऊ नये, माश्यांचं पोट बिघडतं. आणि बाजारातला मध तर कधीच नाही: त्यातून दुसऱ्या कुठल्या तरी पेटीतले रोगजंतू आपण स्वहस्ते आणतो.

दोन दुबळ्या वसाहती वेगवेगळ्या पाजत बसण्यापेक्षा एकत्र करणं शहाणपणाचं. एक राणी काढून घ्यायची, एका कोठीवर वर्तमानपत्राचा कागद पसरून त्याला बारीक भोकं पाडायची आणि दुसरी कोठी वर ठेवायची. माश्या दोन दिवसांत कागद कुरतडतात, तोवर दोघींचा वास एक झालेला असतो. मन कचरतं, पण सप्टेंबरमध्ये एक धडधाकट वसाहत हातात असणं हे दोन रिकाम्या पेट्यांहून बरं.

औषध टाकून का भागत नाही?

रोग आहेतच, ते नाकारून चालणार नाही. ओळखायची जागा पुन्हा पिलावाच. निरोगी पिलावा सलग असतो, अळ्या मोत्यासारख्या पांढऱ्या, घराच्या तळाशी वळून पडलेल्या. पिलाव्यात ठिकठिकाणी रिकामी घरं, अळ्या पिवळट-तपकिरी आणि आंबूस वास, असं दिसलं तर तो युरोपियन फाउलब्रूड नावाचा जिवाणूंचा रोग असू शकतो. महाराष्ट्रातल्या सातेरीत त्याची नोंद १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच झाली आहे. खाणं कमी असताना तो जोर धरतो आणि चांगला फुलोरा आला की पुष्कळदा आपोआप ओसरतो.

सातेरीचा खरा वैरी थाई सॅकब्रूड हा विषाणू. यात अळी कोषात जायच्या बेताला मरते, घरात लांब पसरते, डोक्याकडचा भाग वर उचललेला असतो आणि चिमट्याने काढली तर पाण्याने भरलेली पिशवी हाताशी येते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला केरळ, तमिळनाडू, कर्नाटकात या रोगाने सातेरीच्या बहुसंख्य वसाहती संपवल्या. विषाणूवर प्रतिजैविकं चालत नाहीत, तरी लोक पाकात गोळ्या विरघळवून देतात. रोग हटत नाही आणि औषधाचा अंश मधात उतरतो. करण्यासारखं आहे ते असं: राणीला काही दिवस छोट्या पिंजऱ्यात ठेवून अंडी थांबवायची, म्हणजे विषाणूला वाढायला अळीच मिळत नाही. आजारी पेटीतली पोळी किंवा हत्यारं दुसऱ्या पेटीला लावायची नाहीत. आणि जी वसाहत यातून तरली तिच्याच राण्यांपासून पुढची वाढ करायची.

मेलिफेरा पाळणाऱ्यांची लढाई वेगळी, व्हरोआ नावाच्या तांबूस गोचिडीशी. गंमत म्हणजे ही गोचीड मूळची सातेरी कुळातल्या माशीवरची. तिथे ती जवळपास फक्त नरांच्या पिलाव्यात वाढते आणि माश्या एकमेकींच्या अंगावरून तिला उचलून टाकतात, त्यामुळे हिशेब आटोक्यात राहतो. मेलिफेरावर गेल्यावर तिला कामकरी माश्यांचा सगळा पिलावा मोकळा मिळाला. ती स्वतःपेक्षा तिच्याबरोबर येणाऱ्या विषाणूंनी जास्त मारते. पंख चुरगळलेल्या माश्या दाराशी रांगताना दिसणं ही उशिरा दिसणारी खूण. म्हणून आधी मोजणी करतात: अर्धा कप, म्हणजे साधारण ३०० माश्या जाळीच्या झाकणाच्या बरणीत घेऊन त्यावर पिठीसाखर टाकायची, हलक्या हाताने घोळवायचं आणि पांढऱ्या कागदावर साखर गाळायची. गोचिडी साखरेबरोबर खाली पडतात, माश्या पांढऱ्या होऊन परत पेटीत जातात. शंभर माश्यांमागे तीन गोचिडी आढळल्या तर उपचार हवा. ऑक्झॅलिक आम्ल झाकणाखालच्या गोचिडीपर्यंत पोचत नाही, फॉर्मिक आम्ल पोचतं. दोन्ही वापरताना मधाची कोठी पेटीवर नको आणि हे अनुभवी माणसाच्या देखरेखीशिवाय करू नये.

फवारणीच्या दिवशी पेटी बंद करून ठेवली तर?

शेताजवळ पेट्या असणारे हे हमखास करतात. भर उन्हात दार बंद केलेल्या पेटीत माश्या गुदमरून, उकाड्याने मरतात, कीटकनाशकाची गरजच उरत नाही. त्यापेक्षा शेजारच्या शेतकऱ्याशी बोलून फवारणी माश्या परतल्यावर, सूर्यास्ताच्या सुमारास करून घ्यावी, आणि पीक फुलात असताना शक्यतो टाळावी. बीजोत्पादनाचा कांदा, डाळिंब, काकडीवर्गीय वेली लावणाऱ्याला माश्यांची गरज आपल्याइतकीच आहे, त्यामुळे हे बोलणं वाटतं तितकं अवघड जात नाही. युरोपीय संघाने २०१८ मध्ये निओनिकोटिनॉइड गटातली तीन कीटकनाशकं उघड्या शेतात वापरायला बंदी घातली, ती मधमाश्यांना असलेल्या धोक्यामुळेच. त्यातलं इमिडाक्लोप्रिड आपल्याकडे गावोगावच्या कृषी सेवा केंद्रात मिळतं.

गच्चीवर ठेवली तर शेजारी काय म्हणतील?

म्हणतीलच, आणि त्यांना आधी विचारलेलं बरं. गडांवर आणि सोसायट्यांत माश्या उठल्याच्या बातम्या येतात त्या जवळजवळ सगळ्या आग्या माशीच्या असतात. सातेरी तशी सौम्य. पण तीही डंख मारते, हे लपवू नये. पेटीचं दार वावराच्या वाटेकडे नको. समोर हातभर अंतरावर भिंत किंवा दाट कुंड्या ठेवल्या की माश्या सुरुवातीलाच उंच उडतात आणि माणसांच्या डोक्यावरून जातात. जवळच खडे टाकलेलं पाण्याचं भांडं हवं, नाहीतर त्या खालच्या मजल्यावरच्या नळाशी जातात आणि भांडण तिथून सुरू होतं. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये स्लॅब तापतो. सावली नसेल तर पोळी मऊ होऊन ओघळतात. सावलीची सोय नसलेल्या गच्चीवर पेटी ठेवूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

डंख बसला तर नांगी नखाने लगेच खरवडून काढावी आणि तिथून दूर जावं, कारण डंखाबरोबर सुटणारा वास बाकीच्या माश्यांना बोलावतो. सूज येणं स्वाभाविक. श्वास लागणं, अंगभर गांधी उठणं, चक्कर, यातलं काही झालं तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका, तडक रुग्णालय गाठा. घरात कुणाला अशी ॲलर्जी असेल तर हा छंद नको.

पेटी ठेवली म्हणजे मधमाश्या वाचल्या?

थोड्याच. पेटीतल्या माश्यांसाठी आपण साखर, सावली, कुंपण सगळं करतो. आग्या, फुलोरी, डंखरहित माशी आणि एकेकट्या राहणाऱ्या शेकडो जातींच्या रानमाश्यांसाठी कोणी करत नाही. एकाच छोट्या परिसरात पेट्यांची गर्दी केली तर त्यांच्या वाट्याचा पराग आपल्याच माश्या नेतात. ज्या सोसायटीत हौसेने पेटी आणली जाते, तिथेच सज्जाखालचं आग्या मोहोळ रात्री पेस्ट कंट्रोलवाल्याकडून जाळलं जातं, असंही बघायला मिळतं. ते मोहोळ बहुतेकदा काही महिन्यांनी स्वतःहून उठून जातं. रहदारीच्या जागी नसेल, तर तोवर खालून दोरी बांधून वाट वळवणं पुरतं. धोक्याच्या जागी असेल तर माश्या न मारता मोहोळ हलवणारी माणसं पुण्यात मिळतात.

ज्यांना यंदाच सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी एवढंच: गणेशखिंड रस्त्यावरच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत (ती १९६२ पासून आहे) किंवा महाबळेश्वरच्या मध संचालनालयाकडे प्रशिक्षणाची चौकशी करा. शिकणं पावसाळ्यात उरका आणि पेटी ऑक्टोबरमध्ये घ्या, फेब्रुवारीत नको. पाऊस झेलून उरलेली वसाहत हातात येते, पुढे मेपर्यंतचे सात-आठ महिने चौकटी बघून हात बसतो आणि पहिला जून येतो तेव्हा अंडी कुठे बघायची हे शोधत बसावं लागत नाही. पेटी विकत घेताना दारावरची वर्दळ दाखवली जाते. आतली निदान चार पोळी उचलून दाखवायला सांगा, आणि विकणारा कां-कूं करू लागला तर दुसरीकडे बघा.